इंजिनशेजारची एकटी सीट

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. मोठ्या माणसांच्या रोजनिशा मागाहून सापडतात आणि लोक हळहळतात की हयातीत ओळखलं नाही. ही मात्र कोणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी. (अक्षर तरीही नीट काढतो आहे.)

निमित्त: 'जुनी चाकं' मंडळाची मीटिंग. डेपोमागच्या कँटीनमध्ये, नेहमीच्या चिकट टेबलावर. सेक्रेटरीने जाहीर केलं की चपटी तयार होत आली. चपटी म्हणजे आमच्या बस कंपनीची जुनी, सपाट तोंडाची गाडी. इंजिन आतच, ड्रायव्हरच्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली. कंपनीने सगळ्या चपट्या भंगारात काढल्या. ही एक तेवढी एका रोपवाटिकेत कुंड्या ठेवायची खोली म्हणून उरली होती. मंडळाने ओढून आणली, वर्षभर ठोकली, रंगवली. मी मार्गदर्शन केलं. खुर्चीवरून. पाठीमुळे.

आता ९ मार्चला तिची एकच फेरी. जुन्या रूटने, डेपो ते टेकडीवरचा शेवटचा स्टॉप. त्यानंतर थेट म्युझियम. इंजिनच्या झाकणाला लागून जी एकटी सीट असते, तिच्यावर एक जण माइक घेऊन बसणार आणि वाटेत जुन्या आठवणी सांगणार.

एक जण. म्हणजे मी. दुसरं आहे कोण? मंडळात एक तिकिटवाला आहे, तो जुनी तिकिटं जमवतो आणि वास घेतो. एक भोंपूवाला, त्याच्या घरात हॉर्नचे रबरी फुगे. सेक्रेटरीला प्रत्येक गाडीचा नंबर पाठ आहे आणि सुनेचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं. राहता राहिला साडू. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याने म्हणे मोबाइलमध्ये जुन्या गाड्यांचे आवाज जमवले आहेत. आवाज! गाडी म्हणजे काय गाणं आहे?

माझ्याकडे आठवण आहे. मंडळात सगळ्यांना ती पाठ आहे, तरी दर मीटिंगला आग्रह होतो. (आज झाला नाही. तरी सांगितली.) लग्नानंतरची पहिली वर्षं. संध्याकाळी माझं ऑफिस सुटायचं, हिचंही सुटायचं, दोघं एकाच स्टॉपवर. गर्दी मरणाची. चपटी दिसली की मी धावत पुढे जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचो. नेम असा की रुमाल बरोबर त्या एकट्या सीटवर. कशासाठी? हिच्यासाठी जागा धरायची म्हणून! नवरा, बायको, रुमाल, बस. आहे कोणाकडे असलं काही?

सेक्रेटरी म्हणाला, छान आहे, पण त्या गाडीचा नंबर काय होता?

गाढव.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भाषण लिहायला घेतलं. एका दमात लिहून काढणार होतो. 'मित्रहो' इथपर्यंत झालं, तेवढ्यात हिने वॉशिंग मशीनचा ड्रायर लावला. घर हादरलं. ड्रायरच्या झाकणाचा स्क्रू पडला आहे, झाकण थडथडतं. नातवाच्या वाढदिवसापासून ही म्हणते आहे की एक स्क्रू आणून लावा. मी म्हणालो, एवढं भाषण होऊ दे. ही म्हणाली, भाषण केव्हा होणार? मी म्हणालो, मशीन बंद झालं की. ही म्हणाली, आणि मशीन नीट केव्हा होणार?

बायकांशी वाद घालून उपयोग नाही. संकल्प: शनिवारी स्क्रू.

रविवार, ९ फेब्रुवारी

स्क्रू राहिला. शनिवारी दुकान बंद असेल असं वाटलं, म्हणून गेलो नाही.

मीटिंगला इलेक्ट्रिक बसने गेलो. नाइलाज. काय त्या गाड्या! आवाज नाही, वास नाही, धक्का नाही. फ्रिजमध्ये बसवून गावभर फिरवल्यासारखं वाटतं. दरवाजा आपोआप उघडतो, मग माणसाने करायचं काय? सीनियर सिटिझनची सीट मिळाली. मऊ होती. माझा एक स्टॉप पुढे गेला, कारण डोळा लागला. असल्या गाडीत माणूस जागा राहील कसा?

कँटीनमध्ये सीटचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाला, इच्छुक बरेच आहेत, काहीतरी परीक्षा घेऊ. मी मनापासून हसलो. परीक्षा! घ्या म्हटलं, खुशाल घ्या. साडू कोपऱ्यात बसून कोणाला तरी इअरफोन देत होता. तो माझ्यापेक्षा लहान आहे, पण डोक्यावरचे केस बघा, एकही शाबूत नाही. अशा माणसाच्या हातात माइक शोभत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज डेपोचे जुने मॅनेजर पाहुणे. काठी घेऊन आले, पण स्मरणशक्ती लख्ख. म्हणाले, तुम्ही सगळे आज चपटीवर जीव ओवाळून टाकताय, पण तेव्हा शिव्या किती घालायचे लोक! एक पॅसेंजर तर रोज सकाळी माझ्या खिडकीशी यायचा आणि ओरडायचा, ही खटारा भंगारात का घालत नाही एकदाची! रोज. एक दिवस खाडा नाही. चेहरा आठवत नाही, कारण खिडकीला जाळी होती आणि मी मान वर करायचो नाही. पण आवाज अजून कानात आहे. अखेर वर कळवलं की पॅसेंजर ऐकत नाहीत, नव्या गाड्या द्या.

मला इतकी चीड आली! उठून उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, असल्या नतद्रष्ट माणसांनीच ही वैभवाची गाडी मारली. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिले. मान तिरकी करून, कान पुढे करून. बोलणं त्यांना लागलं असणार. अलीकडे असं स्पष्ट बोलणारं कोणी राहिलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही बराच वेळ हसली. चहा सांडला. जिथे विनोद नाही तिथे हिला हसू येतं, लग्नापासूनची खोड आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साडू आणि मेहुणी चहाला. साडू दोन बिस्किटं खाऊन मागच्या बाल्कनीत गेला, हिच्याबरोबर, मोबाइल तोंडासमोर धरून. मशीन चालू होतं. कोणाशी फोनवर बोलत असणार. दुसऱ्याच्या घरी जाऊन फोन घेणं मला असंस्कृत वाटतं. ही मात्र त्याच्याशी हसून हसून बोलत होती. येताना म्हणाला, ताई, झाकणाला स्क्रू नाही वाटतं? मी आणून देऊ? ही म्हणाली, नको, तुमचे दादा आणणार आहेत.

याला म्हणतात निष्ठा. संकल्प: उद्या स्क्रू, काही झालं तरी.

रविवार, २३ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण रोज लिहायचं ठरवलं आहे.

परीक्षा झाली. आवाजांची. साडूच्या मोबाइलवरून आवाज लावायचे आणि आम्ही डोळे मिटून गाडी ओळखायची. (साडू स्वतः परीक्षेत नाही. त्याला म्हणे सीट नको. ढोंग.) मॅनेजरही बसले होते. पहिला आवाज. भोंपूवाला म्हणाला, चपटी, थंडीत सकाळी स्टार्ट करताना. बरोबर. मीही तेच म्हणणार होतो. दुसरा आवाज. तिकिटवाला म्हणाला, ही चपटी नाही, ही डेपोची क्रेन. बरोबर. हे तर कोणीही ओळखलं असतं.

तिसरा आवाज लागला आणि मला भरून आलं. खरंच भरून आलं. हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणालो, मित्रहो, ही आपली चपटी. टेकडीचा चढ. दुसरा गिअर. गाडी गच्च भरलेली आहे, मागे माणसं लोंबकळताहेत, आणि हे जे थडथडतंय ना, ते इंजिनचं झाकण. स्क्रू पडलेला आहे. मी त्या झाकणाशेजारी बसलेला आहे. डोळ्यांतून पाणी आलं. तिकिटवाल्यालाही आलं. भोंपूवाल्याने माझा हात धरला.

साडू म्हणाला, दादा, माफ करा, गंमत केली. हे तुमच्या घरचं वॉशिंग मशीन आहे.

कँटीनचा पोऱ्यासुद्धा हसला. मी सांगून पाहिलं की तत्त्व तेच असतं, मोटर ती मोटरच. कोणी ऐकेना. सेक्रेटरी म्हणाला, मशीन रोज घरात चालतं ना? रोज ऐकूनही तुम्हाला ओळखू आलं नाही? मी म्हणालो, मी घरात विचारात असतो.

सीट साडूला दिली. नको नको म्हणत घेतली. तिथल्या तिथे मंडळाचा राजीनामा दिला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागे घेतला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

साडूला या जन्मात तोंड दाखवणार नाही.

बुधवार, संध्याकाळ

साडू आणि मेहुणी येऊन गेले. वडे छान झाले होते.

शनिवार, १ मार्च

उपाय सापडला! एवढा सोपा असताना आठवडा फुकट घालवला. बसचा कायदा काय? ज्याचा रुमाल त्याची जागा. कमिटी, परीक्षा, माइक, सगळं झूट. हा कायदा चपटीच्या खिडक्यांनी केलेला आहे. सकाळी लवकर डेपोत जायचं, खिडकीतून रुमाल टाकायचा, विषय संपला. साडू काय, सेक्रेटरीचा बाप आला तरी उठवू शकत नाही.

पांढरा रुमाल शोधला. तोच जुना, निळ्या काठाचा. एका कोपऱ्याला गाठ मारली म्हणजे वजन येतं. गॅलरीतून खालच्या मोटरसायकलच्या सीटवर सराव केला. पहिला शेजारणीच्या कुंडीत. दुसरा तिच्या डोक्यावर. तिसरा वाऱ्याने. ती वर बघून म्हणाली, काका, काय हवंय तुम्हाला? मी आत येऊन बसलो.

नेम कमी झालेला नाही. मोटरसायकल तिरकी लावली होती.

गुरुवार, ६ मार्च

भाषण पूर्ण. 'मित्रहो'नंतर सगळं तोंडी सांगायचं ठरवलं, जास्त जिवंत वाटतं. हिला म्हणालो, रविवारी तू मंडळाची पाहुणी. माझी आठवण तुझ्यासमोर सांगायची आहे, तू नुसती खिडकीशी बसून मान हलव. ही म्हणाली, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. जन्म गेला तिच्यात, आता पुरे. मी आपली नव्या बसने येते, टेकडीवर भेटू.

कृतघ्नपणा याला म्हणतात. जिच्यासाठी जागा धरली, तिलाच किंमत नाही. स्क्रूचं विचारलंन. मी म्हणालो, सोमवारी.

रविवार, ९ मार्च

सविस्तर लिहितो. लिहिणं भाग आहे, नाहीतर मंडळातले लोक काहीबाही सांगतील.

सकाळी डेपोत सगळ्यात आधी पोचलो. चपटी उभी. लाल रंग, पांढरा पट्टा, चकचकीत. नुसती बघून पाय पळायला लागले. मी खरोखरच पळालो, जुन्या सवयीने, आणि धावता धावता खिडकीतून रुमाल टाकला. बरोबर सीटवर! कोणी बघायला नव्हतं ही खंत.

मागच्या दाराने चढून पुढे पोचेपर्यंत वेळ गेला. (पायऱ्या पूर्वी एवढ्या उंच नव्हत्या. रंगवताना वाढवल्या असणार.) पोचलो तेव्हा मेकॅनिक इंजिनचं झाकण उघडून माझ्या रुमालाला ऑइलचे हात पुसत होता. म्हणाला, कोणीतरी फडकं टाकून गेलं, बरं झालं. सीटवर साडू. हातात माइक. मला बघून लगेच उठला. म्हणाला, या दादा, तुमचीच जागा आहे.

घाबरला. बसलो. माइक घेतला.

गाडी निघाली तेव्हा रस्त्यावर लोक थांबून हात करत होते. हॉर्न. धूर. सगळी गाडी माझ्या आवाजाकडे कान लावून. 'मित्रहो' म्हणालो आणि रुमालाची आठवण सुरू केली. बायकोसाठी कशी जागा धरायचो, हे सांगताना दोन बायका तर डोळे पुसायला लागल्या. त्या क्षणी वाटलं, माणसाला याहून अधिक काय हवं?

मग चढ लागला.

इंजिनचं झाकण तापतं, हे मी विसरलो होतो. पोटरी त्याला चिकटलेली. पाय हलवायला जागा नाही. सीटची स्प्रिंग वर आलेली. प्रत्येक खड्ड्याला पाठ मोडत होती, धूर नाकात जात होता, झाकण थडथड थडथड कानात. ड्रायव्हरने दुसरा गिअर टाकला, पूर्ण गाडी एकदा आचकली आणि पोटरीला चटका बसला. माइक चालू आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. मोठ्याने ओरडलो, ही खटारा भंगारात का घालत नाही एकदाची!

बसमध्ये शांतता. म्हणजे इंजिन सोडून.

मागच्या सीटवरून काठी आपटल्याचा आवाज आला. मॅनेजर उभे राहिले होते. हाच, हाच, म्हणाले, हाच तो आवाज! जाळीपलीकडचा! एक सुरकुती नाही पडली आवाजाला! एवढं बोलून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. भोंपूवाल्याने भोंपू वाजवला. सेक्रेटरीने वहीत काहीतरी टिपून घेतलं. एकटा साडू खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढी माणुसकी त्याने दाखवली, हे नमूद करतो.

मी कधी ओरडलो असेन तर ते गाडीच्या भल्यासाठी. त्यात प्रेम होतं. पण हे सांगायला माइक जागेवर नव्हता. तो भोंपूवाल्याने घेतला होता.

पुढच्या स्टॉपवर उतरलो. दोन मिनिटं हवा खावी म्हणून. गाडी थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबली.

उन्हात उभा होतो. पोटरीला फोड. तेवढ्यात मागून इलेक्ट्रिक बस आली, आवाज न करता, दार आपोआप उघडलं. आत गच्च गर्दी. आणि सीनियरच्या सीटवर ही बसलेली. माझं तोंड बघितलं. उठली आणि म्हणाली, बसा.

बसलो. सीट मऊ. गार वारा. धक्का नाही. पोटरी जरा शांत झाली.

बऱ्याच वेळाने वर बघितलं. ही एका हाताने दांडा धरून उभी होती, दुसऱ्या हातात माझी औषधांची पिशवी, पाण्याची बाटली, शाल. वळणावर इतर सगळे इकडून तिकडे गेले. ही हलली नाही. पाय कसे टाकायचे, वजन कुठे द्यायचं, दांडा किती धरायचा, सगळं ठाऊक असल्यासारखी. मी म्हणालो, तुला चांगलं जमतं की गं उभं राहायला.

ही म्हणाली, इतकी वर्षं केलंय.

मी हसून म्हणालो, काहीतरीच. मी तर रुमाल टाकून तुझ्यासाठी जागा धरायचो.

ही म्हणाली, रुमाल टाकायचात. जागाही मिळायची. मी आत येईपर्यंत तुम्ही बसलेले असायचात. मग भाजीच्या पिशव्या तुमच्या मांडीवर ठेवते म्हटलं तर तुम्हाला पेपर वाचायचा असायचा. थोरला पोटात होता तेव्हाही.

रागाने नाही म्हणाली. वाटेत कुठला स्टॉप आला ते सांगावं, तसं म्हणाली.

मी म्हणालो, तेव्हा माझी पाठ दुखायची. ही म्हणाली, हो.

टेकडीपर्यंत अजून बरेच स्टॉप होते. उठून तिला जागा द्यावी असं मनात आलं होतं. नक्की आलं होतं. पण पोटरी.

सोमवार, १० मार्च

सकाळीच बाजारात गेलो आणि स्क्रू आणला. दुकानदाराने साइझ विचारला. अंदाजाने सांगितला. चार वेगवेगळे आणले, एक तरी बसेल.

मागच्या बाल्कनीत गेलो तर ड्रायर फिरत होता आणि आवाज नव्हता. खाली वाकून बघितलं. झाकणाच्या फटीत घडी करून रुमाल खोचलेला. निळ्या काठाचा. साडू काल संध्याकाळी आणून देऊन गेला म्हणे. ऑइलचे डाग निघाले नाहीत, त्यामुळे हिने कामाला लावला.

रुमाल परत मागायचा म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ही ओट्याशी उभी होती, पाठमोरी. खुर्ची रिकामी होती. मी खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, बस. ही वळून म्हणाली, काय मोडलंत?